एकाच पीसीवर तीन-चार गेम क्लायंट: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

एका क्लायंटला पीसी छान चालतो, तिसरा उघडला की सगळेच अडखळतात. आधी काय बदलू?

आधी काहीच विकत घेऊ नका. (क्लायंट म्हणजे ऑनलाइन गेमचा आपल्या पीसीवर चालणारा प्रोग्रॅम; प्रत्येक अकाउंटसाठी तो वेगळा उघडावा लागतो.) नेमकं काय संपतंय ते शोधा. क्लायंट वाढले की चार गोष्टी संपू शकतात: रॅम, ग्राफिक्स कार्डाची मेमरी, प्रोसेसरची ताकद आणि डिस्कचा वेग. लक्षणं वरवर सारखी दिसतात, उपाय मात्र वेगळे. सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन "गेमिंगसाठी चांगलं कार्ड द्या" म्हटलं तर कार्ड मिळेल. पण कमतरता रॅमची असेल तर तिसरा क्लायंट त्या नव्या कार्डावरही तसाच अडखळेल.

विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि क्लायंट एकेक करून वाढवत जा. प्रत्येक क्लायंट पूर्ण लोड होऊन पात्र गेममध्ये उभं राहिलं की आकडे लिहून घ्या, मगच पुढचा उघडा. लॉगिनच्या पडद्यावरचा आकडा फसवा असतो, खरा आकडा गर्दीच्या शहरात किंवा लढाईत दिसतो.

कोणते आकडे पाहायचे?

'परफॉर्मन्स' भागातल्या मेमरीच्या पानावर 'कमिटेड' नावाची जोडी असते, उदाहरणार्थ १४.२/१८.९ जीबी. बहुतेक लोक 'इन यूज' बघतात, पण इथे 'कमिटेड' जास्त महत्त्वाचं. पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजने कबूल केलेली मेमरी. दुसरा म्हणजे कमाल मर्यादा, रॅम आणि पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा मेमरी म्हणून वापरतं ती) मिळून. पहिला दुसऱ्याला टेकला की पुढचा क्लायंट 'आउट ऑफ मेमरी' म्हणून बंद पडतो. त्या वेळी रॅम थोडी रिकामी दिसत असली तरीही.

'डिटेल्स' भागात स्तंभांच्या नावांवर राइट क्लिक करून 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' आणि 'शेअर्ड जीपीयू मेमरी' हे दोन स्तंभ जोडा. क्लायंट वाढवताना डेडिकेटेडची बेरीज कार्डाच्या क्षमतेजवळ अडली आणि शेअर्ड चढू लागली, तर कार्डाची मेमरी भरली आहे. मग टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांवर चढवायची चित्रं) साध्या रॅममधून पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या, वाटेने ये-जा करतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला निघणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) बरा दिसतो, पण कॅमेरा फिरवला की झटका बसतो.

प्रोसेसरचं गणित थोडं वेगळं. बहुतेक क्लायंटचं मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या कामाच्या एकाच रांगेत, चालतं. सहा कोर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक पूर्ण थ्रेड म्हणजे एकूण क्षमतेच्या सुमारे ८ टक्के. एखादा क्लायंट 'डिटेल्स'मध्ये ८ टक्क्यांवरच अडकून राहिला आणि एफपीएस कमी असेल, तर त्याचा मुख्य थ्रेड भरला आहे. एकूण वापर ४० टक्के दिसतोय म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असा निष्कर्ष काढू नका.

डिस्कचा आलेख क्लायंट उघडताना १०० टक्के गेला तर चालतो. खेळताना सतत १०० टक्के असेल तर एकतर गेम जुन्या हार्ड डिस्कवर आहे, किंवा रॅम संपून पेज फाइलवर ताण आलाय.

अनेक क्लायंट चालवणं नियमात बसतं का?

गेमनुसार. पैसे खर्च करण्याआधी हे तपासाच, कारण अकाउंट बंद झालं की नव्या पीसीचा उपयोग नाही.

ईव्ह ऑनलाइनमध्ये एकाहून जास्त अकाउंट एकाच वेळी चालवता येतात, पण ती पैसे भरलेली ओमेगा अकाउंट हवीत. मोफत अल्फा अकाउंट दुसऱ्या अकाउंटसोबत एकाच वेळी चालवायला परवानगी नाही. एक कळ दाबून ती सगळ्या क्लायंटना एकदम पोचवणं, म्हणजे इनपुट ब्रॉडकास्टिंग, तिथे १ जानेवारी २०१५ पासून बंद आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही अनेक अकाउंट चालतात, पण ब्रॉडकास्टिंगच्या सॉफ्टवेअरवर नोव्हेंबर २०२०मध्ये बंदी आली. काही गेम एका पीसीवर दुसरा क्लायंट उघडूच देत नाहीत. ते कुलूप तोडणारी साधनं इंटरनेटवर सापडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका: अकाउंटही जातं आणि अशा फाइलींतून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅमही येतात.

या पानावरचं सगळं, प्रत्येक क्लायंट स्वतः हाताने चालवणाऱ्यांसाठी आहे.

खर्च न करता किती फरक पडतो?

पुष्कळ. पीसीवर खरोखर किती भार आहे, हे खालची कामं केल्यावरच कळतं.

सगळ्यात मोठा फायदा मागच्या क्लायंटचा एफपीएस बांधण्यात, म्हणजे त्यावर मर्यादा घालण्यात, आहे. तुम्ही बघता एक विंडो, पण बाकी तीनही जमेल तितक्या वेगाने चित्रं काढत असतात. गेमच्या सेटिंगमध्ये 'मॅक्स बॅकग्राउंड एफपीएस' असेल तर २० ठेवा, पुढच्या विंडोला ६०. गेममध्ये सोय नसेल आणि कार्ड एनव्हिडियाचं असेल, तर त्याच्या कंट्रोल पॅनलमधल्या 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये 'बॅकग्राउंड ॲप्लिकेशन मॅक्स फ्रेम रेट' आहे. रिव्हाट्यूनर नावाच्या साधनानेही मर्यादा घालता येते, पण तो प्रोग्रॅमच्या फाइलचं नाव बघून मर्यादा लावतो. चारही क्लायंट एकाच फाइलमधून उघडलेले असतील तर पुढच्यालाही तीच मर्यादा लागेल. एनव्हिडियाची सोय मात्र कोणती विंडो पुढे आहे ते बघते.

दुसरं, मागच्या क्लायंटचं रिझोल्यूशन. १९२०×१०८० ऐवजी १२८०×७२० केलं तर प्रत्येक फ्रेममध्ये निम्म्याहूनही कमी, सुमारे ४४ टक्के पिक्सेल काढावे लागतात. त्यासोबत सावल्या बंद, टेक्श्चर 'लो', अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) बंद. टेक्श्चर कमी केल्याने कार्डाची मेमरी वाचते, सावल्या कमी केल्याने कार्ड आणि प्रोसेसर दोघांचंही काम हलकं होतं. काही गेम सगळ्या क्लायंटसाठी एकच सेटिंग फाइल वापरतात. तिथे प्रत्येक अकाउंटसाठी वेगळी सेटिंग ठेवण्याची सोय लाँचरमध्ये आहे का बघा.

तिसरं, 'फुलस्क्रीन' ऐवजी 'बॉर्डरलेस' किंवा 'विंडोड' ठेवा. खऱ्या फुलस्क्रीनमधून ऑल्ट-टॅब करताना पडदा काळा होतो, आणि काही जुने क्लायंट तिथेच बंद पडतात.

मग ब्राउझर. वीस टॅब आणि एक व्हिडिओ एखाद्या क्लायंटइतकी मेमरी सहज खातात. मागच्या क्लायंटचा आवाज गेममधूनच पूर्ण बंद करा.

क्लायंट एकदम उघडू नका. पहिला पात्रनिवडीच्या पडद्यावर पोचला की दुसरा. पहिल्याने वाचलेल्या फाइली विंडोज रॅममध्ये धरून ठेवतं, त्यामुळे दुसरा लवकर उघडतो. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकल्यानंतर पहिल्यांदा शेडर (कार्डावर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) पुन्हा बनतात. त्या वेळी एकच क्लायंट चालवून ते होऊ द्या.

रॅम किती घ्यावी?

बेरीज करा. विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड मिळून ५-६ जीबी धरा. त्यात तुमच्या एका क्लायंटचा मोजलेला आकडा गुणिले क्लायंटची संख्या मिळवा. वर २०-२५ टक्के मोकळी जागा ठेवा, कारण दोन-तीन तास खेळल्यावर क्लायंट फुगतात.

समजा एक क्लायंट २.५ जीबी घेतो आणि चार चालवायचे आहेत. १० अधिक ६ म्हणजे १६. इथे १६ जीबी रॅम काठोकाठ भरली, म्हणून ३२ हवी. जुन्या हलक्या गेमचा क्लायंट १ जीबीत बसत असेल तर त्याच चारांना १६ जीबी पुरते. नव्या गेमचा क्लायंट ५ जीबी मागत असेल तर चारांसाठी ३२ जीबीही जेमतेम होते. म्हणून 'चार क्लायंटला इतकी रॅम' असा सरसकट आकडा आम्ही देत नाही.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले आहेत. त्यामुळे ही बेरीज पूर्वीपेक्षा जास्त काटेकोर करायला हवी.

आहे त्या ८ जीबीच्या पट्टीसोबत नवी १६ची लावली तर?

चालेल. इंटेल आणि एएमडी दोन्हीकडे बहुधा ८ अधिक ८ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (दोन वाटांनी एकदम) आणि उरलेली ८ सिंगल चॅनेलमध्ये (एकाच वाटेने) चालते. दोन्ही पट्ट्या हळू असलेल्या पट्टीच्या वेगावर येतात. रॅम संपण्यापेक्षा हे केव्हाही बरं. नवीनच घेत असाल तर एका पाकिटातल्या दोन सारख्या पट्ट्या घ्या.

चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावतात. बोर्डाच्या पुस्तिकेत हे छापलेलं असतं. शेजारीशेजारी लावल्या की बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि मेमरीचा वेग निम्मा होतो. दुकानातून जोडून आलेल्या पीसीतही ही चूक दिसते, म्हणून कॅबिनेट उघडून बघा.

लावल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे पट्टी तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सोय, चालू करा. ते विसरलं तर ३२००ची डीडीआर४ बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६वर चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग दिसतो.

डीडीआर५च्या बोर्डावर चारही खाचा भरायचा मोह टाळा. रायझन ७०००मध्ये दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२००, चार पट्ट्यांना मात्र ३६००. पुढे ६४ जीबी लागणार असेल तर सुरुवातीलाच ३२च्या दोन घ्या. डीडीआर५ पहिल्यांदा लावल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, कारण बोर्ड मेमरीची जुळवणी करत असतं. घाबरून बटण दाबू नका.

रॅम बदलल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एकही चूक दिसली तर ती पट्टी परत द्या. अनेक क्लायंट चालवताना रॅम खालपासून वरपर्यंत भरते, त्यामुळे एका क्लायंटला कधीच न जाणवलेला दोष इथे वर येतो: दर वेळी वेगळा क्लायंट, वेगळ्या वेळी, कारणाशिवाय बंद.

पेज फाइल बंद केली तर वेग वाढतो असं ऐकलंय.

बंद करू नका. पेज फाइल काढली की कमिटची मर्यादा फक्त रॅमइतकी उरते. क्लायंट मेमरी मागून ठेवतात पण सगळी लगेच वापरत नाहीत, त्यामुळे ३२ जीबीपैकी ८ रिकामी दिसत असतानाही चौथा क्लायंट बंद पडू शकतो. पेज फाइल एसएसडीवर, 'सिस्टम मॅनेज्ड' ठेवा आणि सी ड्राइव्हवर ३०-४० जीबी जागा मोकळी राहू द्या.

ग्राफिक्स कार्ड कोणतं?

अनेक क्लायंटसाठी कार्डाच्या वेगापेक्षा त्याची मेमरी आधी बघा. प्रत्येक क्लायंट आपली टेक्श्चर स्वतंत्रपणे लोड करतो, दुसऱ्याची वापरत नाही. म्हणून आमच्या मते या कामाला १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० हे ८ जीबीच्या आरटीएक्स ४०६०पेक्षा सरस, जरी एका गेमच्या चाचणीत ४०६० पुढे असलं तरी. नवीन घ्यायचं तर इंटेलचं १२ जीबीचं आर्क बी५८० किंवा १६ जीबीचं रेडिऑन आरएक्स ७६०० एक्सटी बघा. आर्क कार्डाला बायोसमध्ये 'रिसाइझेबल बार' (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा पर्याय) चालू लागतो. तो नसलेल्या जुन्या बोर्डावर ते घेऊ नका. फार जुन्या, डायरेक्टएक्स ९च्या गेमसाठी आर्कपेक्षा एनव्हिडिया किंवा एएमडी जास्त निर्धोक.

आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कामासाठी टाळा. ही कार्डं पीसीआय एक्स्प्रेसच्या फक्त चार लेन वापरतात. ४ जीबी मेमरी भरली की सगळी ये-जा त्या अरुंद वाटेने होते, आणि बोर्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचा असेल तर ती वाट आणखी अर्धी होते.

सेकंडहँड कार्ड घेताना काय तपासायचं?

आरएनटी मार्ग असो वा जेल रोड, कार्ड चालू पीसीत लावून दाखवा म्हणा. दाखवायला नकार आला तर पुढच्या दुकानात जा.

पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड सोबत न्या. कार्डाचं खरं नाव, मेमरी आणि शेडरची (इथे, कार्डातल्या चित्र काढणाऱ्या छोट्या एककांची) संख्या त्यात दिसते. जुन्या कार्डाचं बायोस बदलून नव्याच्या नावाने विकलेली कार्डं तो बऱ्याचदा 'फेक' म्हणून ओळखतो. आरएक्स ५८० म्हणून २०४८ शेडरवालं कार्ड खूप फिरतं. मूळ ५८०मध्ये २३०४ शेडर असतात. २०४८वालं कार्ड वाईट नाही, पण भाव ५८०चा देऊ नका.

मग फरमार्क हा कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम किमान १५-२० मिनिटं चालवा. तापमान एका जागी थांबतं का, पंखे खरखरतात का, पडद्यावर ठिपके किंवा रेषा येतात का, ते बघा. पाच मिनिटांच्या चाचणीत कार्ड पुरेसं तापतच नाही. जीएसटीचं बिल आणि सिरियल नंबर जुळवून घ्या, वॉरंटी शिल्लक असेल तर ती त्यावरच मिळते.

प्रोसेसर: जास्त कोर की जास्त वेग?

दोन्ही लागतात. ढोबळ नियम असा: पुढच्या क्लायंटला दोन वेगवान कोर, मागच्या प्रत्येक बांधलेल्या क्लायंटला अर्धा ते एक, आणि विंडोज-डिस्कॉर्डला एक. तीन-चार क्लायंटना रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४०० पुरतात, दोन्ही सहा कोर आणि बारा थ्रेडचे. सहा-आठ क्लायंटना आठ कोरचा रायझन ७ ५७००एक्स घ्या. मोठ्या ऑनलाइन जगाच्या गेमना मोठी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) फार मानवते. त्यासाठी ९६ एमबी एल३ कॅश असलेला ५७००एक्स३डी मिळाला तर उत्तम.

स्वस्तात मिळणाऱ्या एक्स९९ बोर्ड आणि झिऑनच्या (इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या जुन्या प्रोसेसरच्या) जोडीबद्दल सारखी विचारणा होते. ई५-२६८० व्ही४मध्ये चौदा कोर आहेत हे खरं, पण एका कोरचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, तोही जुन्या पिढीचा. दहा हलके, जुने क्लायंट उभे ठेवायचे असतील तर चालेल. नवा गेम पुढच्या विंडोत सुरळीत हवा असेल तर नाही.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू बिघडत होते. २०२४च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या मायक्रोकोडने (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या दुरुस्तीने) तो त्रास रोखला. असा प्रोसेसर असेल तर बोर्डाचा बायोस त्यानंतरचा हवा. सेकंडहँड मात्र घेऊ नका, आधी झालेली हानी बायोसने भरून येत नाही.

प्रत्येक क्लायंटला वेगवेगळे कोर नेमून द्यावेत का?

बहुतेकदा गरज नसते, विंडोज ते काम नीट करतं. अपवाद 'पी' (वेगवान) आणि 'ई' (कमी वीज खाणारे) अशा दोन प्रकारच्या कोरवाल्या इंटेलचा. तिथे मागची विंडो ई-कोरवर ढकलली जाते, आणि तुम्ही तिच्याकडे वळलात की क्षणभर अडखळते. 'डिटेल्स'मध्ये क्लायंटवर राइट क्लिक करून 'सेट ॲफिनिटी'ने कोर ठरवता येतात, पण क्लायंट बंद केला की ते पुसलं जातं. कायमसाठी प्रोसेस लासो हा प्रोग्रॅम वापरतात. क्लायंटला 'रिअलटाइम' प्रायॉरिटी कधीही देऊ नका, माउस आणि आवाज अडकतात. काही गेमचं अँटिचीट (फसवणूक रोखणारा भाग) हे बदल करूच देत नाही. तिथे हट्ट धरू नका.

माझा पीसी जुना आहे. त्यातच भर घालू की नवा घेऊ?

एच८१ बोर्ड आणि चौथ्या पिढीचा आय५: रॅमच्या दोनच खाचा, कमाल १६ जीबी डीडीआर३. साटा एसएसडी आणि १६ जीबी करून दोन-तीन हलके क्लायंट चालवा, त्यापुढे यात पैसे घालू नका. शिवाय विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं.

नवव्या पिढीचा आय५-९४००एफ: सहा कोर, सहा थ्रेड. रॅम ३२ आणि जास्त मेमरीचं कार्ड घातलं तर चार क्लायंट निभावतात. त्या बोर्डावर महागडा सेकंडहँड आय९ बसवण्यापेक्षा ते पैसे पुढच्या पीसीसाठी ठेवा.

बी४५० बोर्ड आणि रायझन ५ २६०० किंवा ३६००: इथे भर घालायला सगळ्यात जास्त वाव आहे. बोर्ड तोच ठेवून ५७००एक्स बसतो आणि पीसीची उमेद आणखी काही वर्षं वाढते.

कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड छोटे पीसी स्वस्त मिळतात, पण त्यांचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) वेगळ्या मापाचा आणि २४० वॉटच्या आसपासचा असतो, कॅबिनेटही अरुंद. मोठं कार्ड त्यात बसत नाही आणि चालतही नाही.

बी४५०वर प्रोसेसर बदलताना काय चुकतं?

क्रम चुकतो. जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर नव्या प्रोसेसरच्या नावासमोर किमान बायोस आवृत्ती दिलेली असते, ती किंवा त्यापुढची फाइल एफएटी३२ पेन ड्राइव्हवर घ्या. यूपीएसवर असतानाच हे करा. अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा. प्रोसेसर बदलला की त्यातला टीपीएम (या कुलपाची चावी जपणारा भाग) बदलतो, आणि विंडोज ४८ अंकी की मागतं. ती नसेल तर डेटा गेला.

मग पीसीवर दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम करा, बंद करून वायर काढा, कूलरचे स्क्रू सोडवून कूलर आधी हलके डावी-उजवीकडे फिरवा, मगच उचला. थंड पेस्टवर सरळ ओढलं तर एएम४चा (या बोर्डाच्या सॉकेटचा) प्रोसेसर सॉकेटमधून कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढी लावा.

एसएमपीएस किती वॉटचा?

आरटीएक्स ३०६० कमाल १७० वॉट, रायझन ५ ५६०० सुमारे ७६, बाकी सगळं ५०-६०. मिळून ३०० वॉट. यावर ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या '५०० वॉट' लिहिलेल्या एसएमपीएसवर हा भार टाकू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर बघा आणि १२ने गुणा, खरा दम तेवढाच. कार्डाचा आठ पिनांचा जोड थेट एसएमपीएसमधून आलेला हवा, मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडावरून) केलेला नको, तो तापून वितळतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

घराला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत दोन तारांचं वायरिंग अजून सापडतं. अर्थ नसला की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर २३०च्या निम्मं व्होल्टेज तरंगतं. करंट थोडाच असतो, पण यूएसबी अचानक तुटणं, आवाजात घरघर हे त्यातूनच होतं, आणि एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर ते जिवावर बेततं. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज ते अर्थ सुमारे २३०, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

लाईट गेली की सगळी पात्रं एकदम बाहेर पडतात. कोणता यूपीएस?

६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो. ३०० वॉटचा पीसी आणि दोन मॉनिटर लावले की तो काठावर येतो. १ केव्हीए, सुमारे ६०० वॉटचा घ्या. तरी पाच-दहा मिनिटंच मिळतील, म्हणजे सगळी पात्रं सुरक्षित जागी नेऊन लॉगआउट करण्यापुरती.

राउटर आणि फायबरचा डबा मात्र सगळे विसरतात. पीसी चालू आणि राउटर बंद, तर पात्रं बाहेर पडणारच. दोन्हीसाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या, आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की पीसीसोबत राउटरचा प्लग आणि लॅनची वायरही काढा. फायबर वीज नेत नाही, पण ॲडॉप्टर आणि तांब्याची लॅन वायर नेतात.

मे महिन्यात पीसी आपोआप हळू होतो.

बाहेर ४०च्या वर, खोलीत ३५. कॅबिनेटच्या आतलं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं, म्हणजे जानेवारीत ७०वर राहणारं कार्ड मेमध्ये ८५वर जातं आणि वेग कमी करून स्वतःला वाचवतं. एका गेमच्या चाचणीत हे कळत नाही. चार क्लायंट तासन्‌तास चालले की कळतं. पुढून १२० मिमीचे दोन पंखे आत, मागून एक बाहेर, हे किमान. पुढची बाजू काचेने बंद असलेली कॅबिनेटं दिसायला देखणी असतात, पण आपल्या उन्हाळ्यात नकोत.

पाण्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्या हवेत ओल असते, आणि पाणी जड असेल तर क्षारांचे बारीक तुषारही. बोर्डावर पांढरा थर बसतो आणि कनेक्टर गंजतात. कूलर खोली थंड करू दे, कॅबिनेट त्याच्या झोतापासून बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा.

धूळ दर दोन महिन्यांनी ब्लोअरने काढा. पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.

इंटरनेटचा प्लॅन वाढवावा लागेल का?

नाही. एक क्लायंट सेकंदाला काही दहा किलोबिट घेतो, पाच मिळूनही १ एमबीपीएसच्या आत राहतात. त्रास होतो तो पॅकेट हरवल्याने. वायफाय सोडून लॅनची वायर टाका. अपडेट मात्र एकाच क्लायंटने करा, बाकी बंद ठेवून. एकाच फोल्डरमधून चौघे चालू असताना पॅच आला तर फाइली अडकतात आणि सगळं इन्स्टॉलेशन पुन्हा तपासावं लागतं.

लॅपटॉपवर जमेल?

दोन क्लायंटपर्यंत, रॅम वाढवता येत असेल तर. घेण्याआधी रॅम सोल्डर केलेली आहे का ते बघा. कार्डाची मेमरी नंतर वाढत नाही, आणि ४ जीबीवाला लॅपटॉप तिसऱ्या क्लायंटला गुडघे टेकतो.

घरात जुना पीसी पडून आहे. त्याचा उपयोग?

चांगला होईल, आणि बऱ्याचदा हाच सगळ्यात स्वस्त अपग्रेड ठरतो. मागे उभे राहणारे दोन क्लायंट त्याच्यावर टाका, ७२० रिझोल्यूशन आणि ३० एफपीएसवर. एकच कीबोर्ड-माउस दोन्हींवर न्यायचा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये 'माउस विदाउट बॉर्डर्स' मोफत आहे. दोन्ही पीसी एकाच राउटरवर हवेत. माउस पडद्याच्या कडेवरून दुसऱ्या पीसीवर जातो, एका वेळी एकाच पीसीला कळ पोचते, म्हणून हे ब्रॉडकास्टिंग होत नाही. त्यात एक कळ सगळ्या पीसींना पाठवणारी 'ऑल पीसी' सोय आहे. ती मात्र बंद ठेवा.